ग्रंथाचे अढळ ठिकाण
(मठाच्या वर्धापनोत्सवानिमित्त भरलेल्या ग्रंथसभेत केलेले भाषण)

 

माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी मठाची परंपरा आणि पूर्वाचार्यांची विद्याव्यासंगाची आवड ह्यांचे रसाळ वर्णन केले. त्यानंतर माझ्यासारख्या एका निवृत्त ग्रंथपालाने उठून संगणकावरील ग्रंथतालिकेतील नोंदींचे स्थायी दुवे ह्या विषयावर बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस पक्वान्नाच्या पानात कोरडे तांदूळ वाढल्यासारखे वाटेल. परंतु विषय मी आपण होऊन निवडलेला नाही. मठाच्या ग्रंथसंग्रहाची तालिका आता इंटरनेटवर सर्वांस खुली व्हावयाची आहे. आणि ह्या स्मरणग्रंथाच्या मराठी व कन्नड अशा दोन्ही विभागांत संग्रहातील निवडक ग्रंथांची यादी, प्रत्येकाच्या दुव्यासह, छापली जावयाची आहे. छापलेली गोष्ट परत घेता येत नाही. तेव्हा छपाईपूर्वी ह्या बाबतीत दोन शब्द सांगावेत अशी चिटणीसांची सूचना आली, ती मी आज्ञा म्हणून स्वीकारली.

प्रथम दुवा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाच्या किंवा हल्ली सर्वांच्या हाती असलेल्या मोबाइलच्या पडद्यावर आपण जे पान पाहतो, त्यास एक पत्ता असतो. तो पत्ता दुसऱ्यास पाठविला असता त्यावर बोट टेकताच तेच पान त्याच्यासमोर उघडावे, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा नेहमी पुरी होतेच असे नाही, आणि माझे सारे बोलणे ह्या एका ‘नाही’विषयी आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कारवारकडील एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. त्यांच्या आजोबांनी स्वहस्ते उतरलेली एक पोथी पूर्वी एका ग्रंथालयास अर्पण केली होती. त्या ग्रंथालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पोथी अजून तेथे आहे काय, एवढेच त्यांस जाणून घ्यावयाचे होते. मी तालिकेत शोध केला. नोंद सापडली. तीत लेखकाचे नाव होते, दात्याचे गाव होते, पत्रांची संख्याही होती. मला आनंद झाला आणि त्या भरात पडद्याच्या माथ्यावर दिसणारा लांबलचक पत्ता जसाच्या तसा उतरून मी त्यांच्या नातवाकडे पाठविला. दुसऱ्या दिवशी नातवाने तो उघडला, तो पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, तिचा अर्थ असा की आपली बैठक संपली आहे, पुन्हा आरंभ करावा. चूक माझी होती. मी ती सुधारली, त्या नोंदीचा दुसरा, लहानसा पत्ता पाठविला, आणि आजोबांचे नाव पडद्यावर पाहून त्या वृद्ध गृहस्थांनी हात जोडले.

प्रकरण मिटले असे मला वाटले. परंतु दोन वर्षांनी त्या ग्रंथालयाने आपली संगणक-प्रणाली बदलली. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आल्या, पण त्यांचे क्रमांक बदलले, आणि जुन्या पत्त्यांची व्यवस्था पाहण्याचे कोणास सुचले नाही. त्या कुटुंबाने जपून ठेवलेला पत्ता आता ‘अशी नोंद अस्तित्वात नाही’ असे उत्तर देऊ लागला. चार महिने त्यांनी ही गोष्ट मनात ठेवली. मग एके दिवशी ते स्वतः माझ्या घरी आले. रागावलेले नव्हते. पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘तू ग्रंथालयातला माणूस. खरे ते सांग, बाबा. आमच्या आज्यांची पोथी कुणी विकली काय?’

सज्जनहो, पोथी कपाटात जागच्या जागी होती. मी त्यांस तेथे घेऊन गेलो, पोथी त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांची खात्री पटली. परंतु चार महिने एका सत्शील माणसाच्या मनात असा संशय राहिला की, आपल्या पूर्वजाने श्रद्धेने दिलेले दान एका संस्थेने विकून टाकले. त्या संस्थेने काहीही गैर केले नव्हते. तिने केवळ एक पत्ता मोडू दिला होता. पत्ता मोडतो तेव्हा त्याबरोबर दात्याचा विश्वासही मोडतो, हे त्या दिवशी मला कळले.

आता हे असे का होते, ते पाहू. जुन्या ग्रंथालयांत तालिका म्हणजे लाकडी खणांतून ओळीने उभी केलेली पत्रे असत. प्रत्येक पत्रावर ग्रंथाचा क्रमांक असे आणि पत्र खणात प्रत्यक्ष उभे असे. संगणकावरील तालिकेचे तसे नाही. तेथे नोंदीचे पान आधीपासून तयार नसते. आपण प्रश्न विचारतो, त्या क्षणी यंत्र आपल्या भांडारातून माहिती गोळा करून ते पान रचते आणि पुढे ठेवते. कित्येक प्रणालींत पडद्याच्या माथ्यावर जो पत्ता दिसतो, तो त्या ग्रंथाचा पत्ता नसून आपल्या त्या वेळच्या प्रश्नाचा पत्ता असतो. आपण कोणते शब्द शोधले, आलेल्या यादीतील कितवी ओळ उघडली, आपली बैठक कोणत्या खुणेने ओळखावयाची, हे सारे त्यात गुंफलेले असते. मठाच्या समाराधनेत एखाद्या स्नेह्याची चौकशी केली असता ‘दुसऱ्या पंगतीत पाचव्या पानावर बसले आहेत’ असे उत्तर मिळते. उत्तर खरे असते. पण पंगत उठल्यावर, किंवा पुढल्या वर्षीच्या उत्सवात, त्या पाचव्या पानावर तेच गृहस्थ भेटतील असे कोणी मानीत नाही. मी पाठविलेला पहिला पत्ता हा असा पंगतीतला पत्ता होता.

ह्याच्या उलट ज्या पत्त्यात केवळ संस्थेचे नाव आणि त्या एका नोंदीचा न बदलणारा क्रमांक असतो, त्यास स्थायी दुवा म्हणतात. इंग्रजीतील पर्मालिंक तो हाच. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस ह्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. तेथे १८९८ पासून ग्रंथांच्या तालिकापत्रांना क्रमांक देण्याची रीत आहे, आणि १९०१ पासून ती छापील पत्रे इतर ग्रंथालयांसही मिळू लागली. पुढे पत्रे गेली, संगणक आले, पण क्रमांकांची रीत चालू राहिली. २००८ साली त्या ग्रंथालयाने ह्याच क्रमांकावरून प्रत्येक नोंदीस एक लहानसा स्थायी दुवा दिला. कागदी पत्रासाठी योजिलेला क्रमांक शंभर वर्षांनंतर इंटरनेटवरील पत्ता झाला, तो केवळ मधल्या पिढ्यांनी त्यास धक्का लावला नाही म्हणून.

जगातील जाणत्या मंडळींनी ह्या प्रश्नावर बराच विचार केला आहे. १९९५ साली ओसीएलसी ह्या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने ‘पर्ल’ नावाची योजना काढली. तीत वाचकास एक मध्यस्थ पत्ता द्यावयाचा, आणि तो मध्यस्थ वाचकास ग्रंथ त्या वेळी जेथे असेल तेथे नेऊन पोहोचवील, अशी व्यवस्था होती. २०१६ साली ह्या योजनेची जबाबदारी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ह्या संस्थेने आपल्याकडे घेतली. सांभाळणारा बदलला, तरी पत्ते पुढे चालावेत म्हणून. ‘हँडल’ नावाची दुसरी पद्धत आपल्याकडेही रूढ आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ ह्या भांडारात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले आहेत, आणि तेथील प्रबंधांस जे हँडल क्रमांक दिलेले आहेत त्यांचा आरंभ १०६०३ ह्या अंकाने होतो. २००१ साली ‘आर्क’ नावाची आणखी एक पद्धत निघाली. तिच्या प्रवर्तकांचे म्हणणे मला विशेष मननीय वाटते. ते म्हणतात की, स्थायित्व हा पत्त्यातील अक्षरांचा गुण नव्हे; तो ती अक्षरे सांभाळणाऱ्या संस्थेच्या सेवेचा गुण होय. ज्यांनी हे जागतिक जाळे निर्माण केले त्या टिम बर्नर्स-ली ह्यांनीही १९९८ साली एका लेखात असाच आशय मांडला होता की, पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात.

आणि बदलतात ते किती, ह्याचेही एक प्रमाण उपलब्ध आहे. हार्वर्ड येथील अभ्यासकांनी २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आधार म्हणून दिलेले दुवे तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते. राष्ट्राच्या श्रेष्ठ न्यायपीठाची ही स्थिती, तर आपण निष्काळजी राहिल्यास आपल्या यादीचे काय होईल, ह्याचा विचार व्हावा.

ठिकाण हलले तरी नाव राखावे आणि येणाऱ्यास नवी वाट दाखवावी, हे सूत्र परदेशी यंत्रज्ञांकडून शिकण्याची आपणांस खरोखर गरज नाही. आपल्या पूर्वजांनी ते मोठ्या संकटात आचरून दाखविले आहे. सोळाव्या शतकात गोव्यात देवालयांवर अरिष्ट कोसळले, तेव्हा १५६० साली कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदीपलीकडे प्रियोळास नेण्यात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. स्थळे बदलली, पण नावे बदलली नाहीत. कोणत्या कुळाव्याने कोठे जावयाचे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, म्हणून आज साडेचारशेहून अधिक वर्षांनंतरही दूरदेशी राहणारी कुटुंबे आपल्या कुलदेवतेच्या दारी बिनचूक येतात. संगणकाच्या परिभाषेत ह्या सांगण्यास एक अंक आहे, ३०१. जुन्या पत्त्यावर आलेल्यास ‘कायमचे स्थलांतर झाले आहे, तिकडे चला’ असे सांगून नव्या पत्त्यावर नेऊन सोडणारा हा संकेत होय. ह्याउलट ४०४ हा अंक म्हणजे ‘सापडत नाही’. कारवारच्या त्या गृहस्थांस जुन्या पत्त्यावर ३०१ मिळावयास हवा होता, मिळाला ४०४.

क्रमांकाचा महिमा सांगणारे एक उदाहरण आपल्या भूमीशी निगडित आहे. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात गोव्याहून गेलेली जुनी हस्तलिखिते आहेत. ७७१ व ७७२ ह्या क्रमांकांच्या बाडांत रोमी लिपीत लिहिलेल्या रामायण-महाभारतातील कोंकणी कथा आहेत आणि ७७३ मध्ये मराठी काव्य आहे. अभ्यासक ह्या वाङ्मयाचा संबंध केळशीच्या कृष्णदास शामा ह्यांच्याशी जोडतात. पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याचा उगम १८३२ सालचा आहे, आज त्यांचेच नाव धारण करते. हजारो कोस दूर, परक्या लिपीत, परक्या भाषेच्या ग्रंथांत पडलेले आपले हे धन अभ्यासकांस एकमेकांस सांगता येते, ते ह्या तीन अंकांच्या आधारे. एकाने आपल्या लेखात ७७२ लिहिले की दुसरा नेमके तेच बाड मागतो. त्या ग्रंथपालांनी मध्येच कधी क्रमांक फिरवले असते, तर ग्रंथ जिवंत असूनही हरवल्यासारखे झाले असते.

आपला स्मरणग्रंथ दोन भाषांत निघत असल्यामुळे ह्या गोष्टीस आणखी एक महत्त्व आहे. आपण ज्यास भावार्थदीपिका म्हणतो त्यासच ज्ञानेश्वरी म्हणतो. कन्नड लिपीत ते नाव निराळे दिसते. रोमन लिपीत तर प्रत्येक तालिकाकार आपापल्या परीने लिहितो. नावावरून शोधणारा ह्या वळणांत चुकू शकतो. क्रमांकावर उभारलेल्या दुव्यास भाषांतर लागत नाही. मराठी विभाग वाचणारा बेळगावकर आणि कन्नड विभाग वाचणारा कुमठेकर एकाच नोंदीपाशी येऊन पोहोचतात.

आता आपण काय करावे? आपल्या तालिकेसाठी ‘कोहा’ ही प्रणाली योजिली आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी ती तयार झाली आणि २००० साली उपयोगात आली. माओरी भाषेत कोहा ह्या शब्दाचा अर्थ दान असा आहे. ती प्रत्येक नोंदीस स्वतःचा एक क्रमांक देते. परंतु तो क्रमांक त्या प्रणालीचा आहे, मठाचा नव्हे. उद्या प्रणाली बदलली की तो बदलू शकतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, प्रत्येक ग्रंथास मठाने आपला स्वतःचा क्रमांक द्यावा, तो दुव्यात घालावा, आणि एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या ग्रंथास कदापि देऊ नये. एखादी पोथी कसरीने खाल्ली किंवा गहाळ झाली, तरी तिची नोंद पुसू नये. ‘ही पोथी होती, अमुक साली नष्ट झाली’ असे त्याच पत्त्यावर लिहून ठेवावे. संगणकातही ह्या दोहोंतील भेद मानला आहे. ४०४ म्हणजे सापडत नाही, आणि ४१० म्हणजे पूर्वी होते, आता नाही. दात्याच्या वंशजास दुसरे उत्तर दुःखद असले तरी प्रामाणिक असते. एकाच ग्रंथाच्या चुकून दोन नोंदी झाल्या असतील, तर त्या एकत्र कराव्यात, पण मागे राहिलेल्या क्रमांकावरून येणाऱ्यास उरलेल्या नोंदीकडे न्यावे.

दुसरी विनंती, पत्ता लहान असावा आणि त्यात बदलणाऱ्या गोष्टी नसाव्यात. प्रणालीचे नाव, कपाटाचा क्रमांक, विभागाचे नाव, त्या वेळच्या कार्यवाहांचे नाव ह्यांपैकी काहीही त्यात घालू नये. कपाटे हलतात, विभाग मोडतात, आणि कार्यवाह तर दर तीन वर्षांनी बदलतात. (हशा)

तिसरी विनंती कोषाध्यक्षांस आहे. इंटरनेटवरील संस्थेचे नाव मुदतीने घेतलेले असते. मुदत संपताच शुल्क भरून ते चालू ठेवावे लागते. रक्कम अल्प असते, पण ती भरण्यास विसरल्यास ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि मग आपल्या स्मरणग्रंथात छापलेले सर्व दुवे त्या परक्याच्या दारी जाऊन उभे राहतील. नंदादीपाच्या तेलाची जशी वार्षिक तरतूद असते, तशी ह्याही खर्चाची नेमणूक मठाच्या अंदाजपत्रकात कायमची असावी. ते नाव कोणा एका उत्साही तरुणाच्या खाजगी नावावर नसून मठाच्या नावावर असावे, हे मी मुद्दाम सांगतो.

चौथी विनंती, पुढे केव्हाही प्रणाली बदलावयाची झाल्यास जुन्या पत्त्यांची आणि नव्या पत्त्यांची समोरासमोर मांडलेली यादी करावी, आणि ती यादी तयार झाल्याशिवाय जुनी व्यवस्था बंद करू नये.

आपण वाचकांनी करावयाचे फार थोडे आहे. कोणास नोंद पाठवावयाची असेल, तर पडद्याच्या माथ्यावरील पत्ता उतरू नका. नोंदीच्या पानावर ‘स्थायी दुवा’ असे लिहिलेले दिसेल, तेथून तो घ्या. आणि लेखात किंवा पत्रात दुवा द्याल तेव्हा त्यासोबत ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, साल आणि मठाचा क्रमांकही लिहा. सर्व सावधगिरी घेऊनही एखादे दिवशी वाट मोडलीच, तर त्या चार गोष्टींवरून पुढचा माणूस ग्रंथापर्यंत पोहोचू शकेल. हेही ध्यानात असावे की, हा दुवा ग्रंथाच्या नोंदीचा आहे. प्रत्यक्ष ग्रंथ वाचण्यास मठात यावे लागेल, आणि आपण यावे अशीच मठाची इच्छा आहे.

बंधुभगिनींनो, मी सांगितलेल्या गोष्टींत यंत्राचा भाग थोडा आणि वचन पाळण्याचा भाग अधिक आहे. स्थायी दुवा म्हणजे एका संस्थेने अजून न जन्मलेल्या वाचकास दिलेले वचन होय. ते वचन देण्यास कोण पात्र? व्यापारी मंडळ्या निघतात आणि बुडतात. माणूस कितीही कर्तबगार असला तरी एका आयुष्यापुरता असतो. मठाची गोष्ट निराळी आहे. येथे पीठ राहते आणि पीठाधीश परंपरेने येतात. एका आचार्यांनी घेतलेला नेम पुढील आचार्य चालवितात. तो मोडणे कोणाच्या मनात येत नाही. ज्या संस्थेने इतक्या पिढ्या एका समईची ज्योत विझू दिली नाही, तिला काही हजार क्रमांक न बदलता राखणे जड जाऊ नये. परंतु त्यासाठी तो मठाच्या नित्यनेमापैकी एक नेम आहे, असे प्रथम मानले पाहिजे. केवळ संगणक जाणणाऱ्या मुलांचे काम म्हणून ते सोडून दिले, तर ती मुले नोकरीनिमित्त परगावी गेली की वचनही त्यांच्याबरोबर जाईल.

आपल्या संग्रहातील कित्येक पोथ्यांच्या शेवटी लिहिणाराने आपले नाव, गाव आणि तिथी लिहून ठेवली आहे. त्या लेखकाची इच्छा एवढीच होती की, हे कोणी तरी पुढे उघडून पाहावे. त्याच्या हस्ताक्षरापासून त्याच्या वंशजाच्या हातातील पडद्यापर्यंत आता एक वाट तयार होत आहे. आपल्या भाषेत दुवा ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जोडणारी कडी, आणि दुसरा आशीर्वाद. आपण पहिला दुवा नीट सांभाळला, तर दुसरा मागावा लागणार नाही.